बशी मोजणारी पोरगी आणि पाटणची लीलावती

गेल्या महिन्यात पुण्याहून धुळ्याला जाताना बसमध्ये एक पुस्तक वाचून संपवलं. टेरी प्रॅचेटचं 'द वी फ्री मेन'. २००३ सालचं, शाळकरी पोरांसाठी लिहिलेलं. शेजारच्या काकांनी दोनदा वाकून पाहिलं आणि शेवटी विचारलंच, "मुलांसाठी घेतलं का?" मी हो म्हटलं. खोटं बोललो. सदतीस वर्षांचा घोडा परीकथा वाचतोय हे नगर यायच्या आत कबूल करायची हिंमत झाली नाही. आता करतो. पुस्तक मी माझ्यासाठीच घेतलं होतं आणि जाम आवडलं.

नायिका टिफनी एकिंग. वय वर्षं नऊ. मेंढपाळांच्या घरातली. दूधदुभतं बघते, चीज उत्तम करते आणि सतत गोळ्या मागणाऱ्या धाकट्या भावाला सांभाळून वैतागलेली असते. एक दिवस ओढ्याकाठी पाण्यातून लांब दातांची एक हिरवी हडळ उसळी मारते. टिफनी भावाला घेऊन पळते, आणि घरी जाऊन परीकथांचं जुनं पुस्तक उघडते. त्यात लिहिलेलं असतं की या हडळीचे डोळे सूपच्या बशीएवढे असतात. तुम्ही-आम्ही इथे 'बापरे' म्हणून पान उलटलं असतं. टिफनी स्वयंपाकघरात जाते, सूपची बशी काढते आणि मोजते. आठ इंच! मग फ्राय पॅन उचलते, भावाला गोळ्यांचं आमिष देऊन ओढ्याकाठी बसवते (हो, सख्ख्या भावाचाच गळाला लावायचा गांडूळ), आणि हडळ वर आली की तिच्या डोक्यात पॅन घालते.

त्या आठ इंचांवर मी फिदा झालो. 'डोळे मोठे असतात' ही झाली क्लायंटची रिक्वायरमेंट. 'मोठे म्हणजे नक्की केवढे?' हा प्रश्न विचारणारा माणूस टीममध्ये एक तरी असावा लागतो, नाहीतर पुढे सगळ्यांचे विकांत जातात.

पुढे परीलोकाची राणी भावाला पळवते आणि टिफनी त्याला सोडवायला जाते, वगैरे वगैरे. ते तुम्ही वाचाच. पण मला पुस्तकातली आणखी एक गोष्ट लागली. गावात एक म्हातारी एकटी राहायची. दात पडलेले, स्वतःशी बडबडायची. सरदाराचा मुलगा नाहीसा झाला तेव्हा लोकांनी ठरवलं की हीच चेटकीण. का? तर गोष्टीतल्या चेटकिणी अशाच दिसतात. तिला घराबाहेर काढलं, कोणी थारा दिला नाही, आणि हिवाळ्यात ती मेली. टिफनीला हे विसरता येत नाही. गोष्ट कोणी रचली, आणि तिच्यापायी कोणाचं काय झालं, हे तिला बघायचं असतं. बशी मोजण्यामागचं खरं कारण हे.

असो. पुस्तक संपलं आणि धुळं आलं.

धुळ्याला माझी फुई राहते (फुई म्हणजे आत्या, खानदेशाबाहेरच्यांसाठी). वय सत्तरीच्या पुढे. शाळा सातवीला सुटली, पण पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी अजून तोंडपाठ. आजोबांचं चाळीसगावजवळच्या एका खेड्यात किराणा दुकान होतं, तिथे ती लहानपणी गल्ल्यावर बसायची. पुढे सासरी कापूस विकायची वेळ आली की व्यापाऱ्याचा कॅल्क्युलेटर बाहेर निघायच्या आत ती कडता वजा करून रक्कम सांगायची, त्यामुळे व्यापारी लोक तिला टरकून असत असं काका अभिमानाने सांगायचे.

दुसऱ्या दिवशी तिला पाटणादेवीला जायचं होतं. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून आणखी अठरा-एक किलोमीटर. सातमाळ्याच्या कुशीत, गौताळा अभयारण्यात देवीचं देऊळ आहे. वाटेत मी तिला लीलावतीची गोष्ट सांगितली. कारण पाटण म्हणजे भास्कराचार्यांचं पाटण, आणि भास्कराचार्य म्हणजे लीलावती.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती. तिच्या पत्रिकेत विवाहयोग नव्हता. बापाने गणित करून एकमेव शुभ घटका शोधून काढली. लग्नाच्या दिवशी पाण्यात घटिकापात्र सोडलं. तळाला बारीक भोक असलेली वाटी, हळूहळू पाणी शिरून ती बुडाली की घटका भरली, म्हणजे आपली चोवीस मिनिटं. ('घटका भरली' हा वाक्प्रचार इथलाच.) नवरीच्या वेशातली लीलावती कुतूहलाने वाकून बघायला गेली, पोशाखातला एक मोती निसटून वाटीत पडला आणि नेमका भोकावर बसला. पाणी शिरायचं थांबलं. सगळे वाटी बुडायची वाट बघत बसले आणि मुहूर्त टळला. लग्न झालं नाही. मग दुःखी बाप म्हणाला, तुझ्या नावाने असं पुस्तक लिहीन की ते काळाच्या अंतापर्यंत टिकेल.

फुई खिडकीबाहेर बघत ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "मंग त्या पोरनी काय करं?"

मग त्या मुलीने काय केलं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोष्टीत ती मुलगी फक्त दोनच गोष्टी करते. एक, वाकून बघते. दोन, गप्प बसते. पत्रिका दुसऱ्याने मांडली, मुहूर्त दुसऱ्याने काढला, पुस्तकही दुसऱ्यानेच लिहिलं. आणि वाकून बघण्याची, म्हणजे हे यंत्र चालतं कसं या कुतूहलाची, तिला शिक्षा झाली! टिफनीच्या घरच्या परीकथांच्या पुस्तकात शोभली असती.

फुईने विचारलं म्हणून नाही, पण नुकताच टिफनीच्या संगतीतून आलो होतो म्हणून ठरवलं, ही बशी आपणही मोजून बघू.

पहिलं माप: काळ. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ त्यांनी ११५० मध्ये, छत्तिसाव्या वर्षी लिहिला. 'लीलावती' हा त्याचाच अंकगणिताचा भाग. पुढचे भाग बीजगणित, ग्रहगणित आणि गोल. मोत्याची गोष्ट येते ती अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत. मधे गेली ४३७ वर्षं. आणि फैजी स्वतःही 'असं सांगतात' या थाटातच सांगतो. गंमत म्हणजे चार वर्षांनी, १५९१ मध्ये, अकबराने याच फैजीला वकील म्हणून खानदेशच्या फारुकी राजाकडे, बऱ्हाणपूरला पाठवलं. म्हणजे गोष्ट आधी लिहिली आणि खानदेश नंतर पाहिला.

दुसरं माप: घरचा कागद. इथे मात्र पाटणची कमाल आहे. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेला पाटणच्या देवळातला शिलालेख हा प्रत्यक्ष भास्कराचार्यांच्या नातवाचा आहे. नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. १२०७ च्या ऑगस्टमध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाला, इथला निकुंभ राजा सोइदेव याने त्या मठाला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी व्यवहाराचं कलम आलं की भाषा चक्क जुनी मराठी होते. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर मठाचा वाटा किती, चालणाऱ्या घाण्यामागे पळीभर तेल, असा तो हिशोब. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातले तेली गणिताच्या शाळेसाठी पळी-पळी तेल देत होते! (आमच्याकडे आज ट्रेनिंगचं बजेट सगळ्यात आधी कापतात.)

तर या शिलालेखात घराण्याची पूर्ण वंशावळ आहे. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव. नऊ पिढ्या. लीलावती नाही. अर्थात यावरून ती नव्हतीच असं म्हणता येत नाही, कारण या नऊ पिढ्यांत एकाही बाईचं नाव नाही आणि हे नऊ जण काही आभाळातून पडले नव्हते. वंशावळ लिहायची रीतच तशी.

तिसरं माप: ती वाटी. सिद्धान्तशिरोमणीत यंत्रांवर एक अध्याय आहे आणि त्यात भास्कराचार्यांनी घटिकापात्राची कृती दिली आहे. भोक नेमकं केवढं असावं या वादात ते पडतच नाहीत. तांब्याची अर्ध्या घटासारखी वाटी करा, तळाला भोक पाडा, अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा, की तुमच्या वाटीचं माप मिळालं. म्हणजे यंत्र जसं असेल तसं घ्या आणि कॅलिब्रेट करा. याच अध्यायात फलकयंत्र म्हणून त्यांचं स्वतःचं एक यंत्रही आहे. आता सांगा, हा माणूस पोरीच्या आयुष्यातला एकमेव मुहूर्त एका वाटीच्या भरवशावर सोडून देईल? दुसरी वाटी नाही, कोणी बघायला नाही? एवढा सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर आमचा फ्रेशरसुद्धा रिव्ह्यूला आणणार नाही :-)

तर बशी मोजली आणि गोष्ट बसत नाही असं दिसलं. इथे थांबलो असतो तर मी फक्त एका सुंदर गोष्टीचा विचका केला असता. पण फुईचा प्रश्न तसाच राहिला होता. त्या पोरीने काय केलं? मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. पुस्तक उघडलं. ना. ह. फडक्यांचं 'लीलावती पुनर्दर्शन' नावाचं मराठी पुस्तक आहे, १९७१ चं, ज्यांना संस्कृत येत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी.

पुस्तकात लीलावती भास्कराचार्यांची मुलगी आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. कधी 'बाले' म्हणून हाक आहे, कधी हरिणाच्या पाडसासारखे डोळे असलेली म्हणून, कधी 'कान्ते' (ही हाक कोणी मुलीला मारत नाही), कधी 'सखे' (हे संस्कृतात मित्राला म्हणतात, आपल्या मराठी 'सखे'ने फसू नका), तर कधी वाण्याला. ती मुलगी असेल, बायको असेल, विद्यार्थिनी असेल, किंवा नुसतीच कल्पना. 'लीलावती' या शब्दाचा अर्थ खेळकर, विलासिनी. पुस्तकालाही तो शोभतो. पण एक गोष्ट पक्की आहे. जिथे जिथे ती येते तिथे तिला काहीतरी विचारलेलं असतं. येत असेल तर सांग, लवकर सांग. ती कोणाची वाट बघत बसलेली नाही. तिला गणित घातलंय आणि उत्तर तिने द्यायचंय.

आणि गणितं कसली, तर अद्भुत कादंबरीच! नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी बीळ, सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघालाय. मोर झेपावला, दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? (बारा.) बत्तीस हातांचा वेळू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, कुठे मोडला? (तोही बारावर.) अर्जुनाने चिडून कर्णावर बाणांचा जुडगा सोडला, निम्मे कर्णाचे बाण तोडायला, वर्गमुळाच्या चौपट घोड्यांसाठी, सहा शल्याला, तीन छत्र-ध्वज-धनुष्यासाठी, एकाने डोकं. एकूण किती? (शंभर.) शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं अदलाबदल करून किती प्रकारे धरता येतील? ३६ लाख २८ हजार ८००. हा फॅक्टोरियल आहे हे लक्षात आल्यावर मी जागेवरून उठलो होतो.

देवदर्शन करून आम्ही झाडाखाली डबा खायला बसलो, तेव्हा मी फुईला भुंग्यांचं गणित घातलं. भुंग्यांचा थवा. पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलांवर, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्याच्या फुलांवर, आणि एक भुंगा कुठे जाऊ ते न कळून हवेतच घिरट्या घालत राहिला. भुंगे किती? मी मोबाईलमध्ये एक्स मांडायला घेतला होता.

"पंधरा," फुई म्हणाली.

"कसे?"

"पाचवा भाग बी पुरा निघायला पाहिजे आणि तिसरा बी. मग पंधराच धरायचे. तीन गेले, पाच गेले, फरक दोनचा, तिप्पट सहा. झाले चौदा. एक उरला. तुझा तोच फिरतोय ना वर?"

लीलावतीत या रीतीला इष्टकर्म म्हणतात. सोयीची संख्या धरायची, तिच्यावर सगळा हिशोब चालवायचा, आणि जे उरेल त्याच्या प्रमाणात खरं उत्तर काढायचं. सातवी पास फुई नेमकं तेच करत होती. तिला नाव तेवढं माहीत नव्हतं.

जोशात येऊन मी पुढचं पान काढलं आणि वाचता वाचता अडखळलो. व्यस्त त्रैराशिकाचं उदाहरण. सोळा वर्षांची दासी बत्तीस निष्कांना मिळत असेल, तर वीस वर्षांचीला किती? त्याच श्लोकात लगेच बैलाचंही आहे, दोन वर्षं जुंपलेला चार निष्कांना, तर सहा वर्षं जुंपलेला कितीला? हे फुईला सांगावं की नाही असं क्षणभर वाटलं. मग सांगितलं.

"सोळा बत्तीस पाचशे बारा," ती म्हणाली. "भागिले वीस. साडेपंचवीसच्या थोडं वर."

बरोबर. पंचवीस पूर्णांक तीन पंचमांश. मग थोडा वेळ डब्याचं झाकण लावत बसली. "वय वाढलं की भाव उतरतो," ती म्हणाली. "माझ्या पत्रिकेत मंगळ निघाला होता. लग्न जमता जमता चोवीसची झाले, तर तुझ्या आजोबांना जास्त मोजावे लागले. हिशोब तोच ना रे भो?"

हिशोब तोच. मी सदतीस वर्षांत हे ऐकलं नव्हतं. आजोबा तिला गल्ल्यावर बसवायचे, तिच्या हिशोबाचं कौतुक करायचे, आणि आठवीचं नाव निघालं तेव्हा पत्रिकांचा गठ्ठा बाहेर काढला गेला. माणूस वाईट नव्हता. लीलावती लिहिणाराही नव्हता. एकाच पुस्तकात एक मुलगी समोर बसून भराभर उत्तरं देते आणि दुसरी, कदाचित तिच्याच वयाची, बाजारात उभी आहे, आणि पहिलीने दुसरीची किंमत काढायची आहे. ११५० मध्ये हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यांना यात काही खटकलं असेल असं वाटत नाही. भास्कराचार्यांचा अभिमान बाळगायचा तर हा श्लोकही त्यांच्याच खात्यावर मांडायला हवा. सोयीचे श्लोक तेवढे घेतले तर तीही मोत्याचीच गोष्ट होईल.

आणि तरी मला वाटतं, त्या 'सांग'मध्ये काहीतरी होतं जे टिकलं. २००८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीने शंभराच्या आसपास भारतीय स्त्री वैज्ञानिकांच्या आत्मकथनांचं आणि चरित्रलेखांचं पुस्तक काढलं, त्याचं नाव 'लीलावतीज डॉटर्स'. संपादकांपैकी एक पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले, ज्या २०२४ मध्ये गेल्या. २०१० पासून जागतिक गणित संघटना गणित लोकांपर्यंत नेणाऱ्याला 'लीलावती' नावाचा पुरस्कार देते. लीलावतीला पुढे मुली झाल्या त्या अशा. आणि आमच्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये जिचं नाव दिलं त्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या बोलत गेल्या आणि घरातल्यांनी ते उतरवून घेतलं म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यावर वर्षभराने, पुस्तक निघालं. उतरवून घेणारं कोणी नसतं तर काय? नऊ पिढ्यांची वंशावळ, आणि त्यात बाईचं नाव नाही.

टिफनीच्या पुस्तकाच्या शेवटी (स्पॉयलर आहे, डोळे मिटा) सरदाराच्या हरवलेल्या मुलालाही तीच सोडवून आणते, आणि सगळं श्रेय त्या मुलाला मिळतं, कारण गोष्टीत मुलगेच मुलींना सोडवतात. टिफनीला राग येतो, पण तिला काय केलं ते माहीत असतं आणि दुसऱ्या दिवशी चीज करायचं असतं. वाचताना तो शेवट मला जरा फिका वाटला होता. धुळ्याहून परत येताना तेवढा फिका वाटला नाही.

निघताना फुई म्हणाली, "अजून एक घाल." घातलं. तुम्हालाही घालतो. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ एवढे भुंगे मालतीवर गेले. सगळ्या थव्याचे आठ-नवमांशही गेले. उरली एक भुंगी आणि तिचा जोडीदार. तो वासाला भुलून रात्री कमळात शिरला आणि कमळ मिटलं, आता तो आतून गुणगुणतोय आणि ती बाहेरून. एकूण किती? वर्गमूळ म्हणजे काय ते फुईला समजावून सांगितलं आणि रात्रीची बस पकडली.

सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंग चालू असताना फोन वाजला. मॅनेजर बघत होता, तरी उचलला.

"बहात्तर," फुई म्हणाली. "आणि हे बघ, त्या मोत्याच्या गोष्टीपेक्षा हे चांगलंय. आता पुढचं सांग."